आठ खडे, चोवीस दारं

शेण तेच. द्राक्षाच्या छाटणीचा भुगा तोच. पाचोळा एकाच वडाखालचा आणि पाणीसुद्धा एकाच नळाचं. तरी निखतच्या ढिगात मनगटापर्यंत हात घातला की "आई गं!" म्हणून झटकन बाहेर काढावा लागायचा, आणि किमयाच्या ढिगात तासभर हात खुपसून ठेवला तरी बोटं गारठण्यापलीकडे काही व्हायचं नाही. आता बोला! एकाच पिठाच्या दोन भाकऱ्या, एकाच तव्यावर टाकलेल्या. एक टम्म फुगते आणि दुसरी कच्चीच राहते. हे कोडं किमयाला काही केल्या सुटत नव्हतं, आणि कुणाला विचारावं तर त्या गावात तिचं कुणाशी बोलणंच नव्हतं.

ही गोष्ट आजची नाही हं. तुम्ही मोठे व्हाल, आई-बाबा व्हाल आणि स्वतःच्या पोरांना "लवकर उठा" म्हणून ओरडाल, साधारण त्या वेळची. तोवर समुद्र बराच वर चढला होता. किमया भाटकरचं कोकणातलं गाव त्याने गिळलं. गावकरी जिकडे काम मिळालं तिकडे पांगले. किमयाचे बाबा निफाडच्या पुढे, कादवा नदीच्या काठी एका शीतगृहात (फळं थंड ठेवायच्या मोठ्या कोठारात) रात्रपाळीला लागले. आई किनाऱ्यावर भिंत बांधणाऱ्या जहाजावर गेली, ती फक्त रविवारी पडद्यावर दिसायची. बाबा पहाटे येऊन झोपायचे आणि किमया शाळेतून आली की कामावर निघायचे. घरात दोन माणसं, पण बोलायला एकही नाही. किमया कधी कधी डाळीला फोडणी देतानाही मोठ्यांदा बोलायची, "हं, आता मोहरी." नाहीतर आपला आवाज आहे की गेला हेच तिला कळेना.

आणि थंडी! बारा वर्षांच्या किमयाने तोवर स्वेटर घातला नव्हता. निफाडची थंडी तशी नावाजलेलीच, त्यात हवामान बिघडल्यापासून ती फारच माजली होती.

किमयाला स्वतःपेक्षा काळजी होती ती रोपांची. कोकणातल्या घरामागे रातांब्याचं झाड होतं (ज्याच्या फळांची आपण आमसुलं करतो, ते). खारं पाणी मुळाशी आलं आणि झाड वाळलं. वाळण्याआधी त्याने शेवटची मूठभर फळं दिली. त्यांच्या बिया आईने आणि किमयाने डब्यांत लावल्या, त्यातली सात रोपं जगली. जहाजावर जाताना आई म्हणाली होती, "बाय, घर काय आपल्याला उचलून नेता आलं नाय. एवढं मात्र जगव." बास, एवढंच म्हणाली. पण किमयाने ते पोटात असं धरून ठेवलं होतं की दुसरं काही तिथे मावतच नव्हतं. रातांबा उबदार हवेतलं झाड. इथल्या थंडीने त्याची कोवळी लालसर पानं कडेने काळी पडायला लागली होती.

म्हणून तर ती खटपट मंडळात गेली होती.

खटपट मंडळ म्हणजे गावातल्या दहा ते सोळा वर्षांच्या मुलांचं मंडळ. द्राक्षं भरायच्या जुन्या शेडमध्ये ते भरायचं. तिथे पंप उघडून पुन्हा जोडायला शिकायचं, वीस जणांचं पिठलं करायला शिकायचं, जखम बांधायला, भांडण मिटवायला, विजेचं बिल वाचायला शिकायचं. सगळं हाताने करून. व्याख्यान नावाचा प्रकार नाही. मंदाताई गांगुर्डे नावाच्या बाई देखरेखीला असायच्या, पण त्या बहुतेक वेळ रताळी भाजत बसायच्या आणि विचारलं तरच बोलायच्या.

त्या हिवाळ्याचा उपक्रम होता ऊबवाफा. शेण, पाचोळा आणि भुगा पाणी मारून रचायचा. आत राहणारे सूक्ष्मजीव (डोळ्यांना न दिसणारे इवलेसे जीव) तो कचरा खातात. आपण जेवलो की अंगात ऊब येते ना, तशी त्यांच्या जेवणाने ढिगात उष्णता तयार होते. ढिगावर मातीचा थर द्यायचा, त्यावर रोपांचे ट्रे ठेवायचे आणि वर पारदर्शक कागद ताणायचा. बाहेर कुडकुडणारी थंडी, आत रोपं मजेत. ना वीज, ना लाकडं.

आता पहिल्या दिवशी काय झालं ते ऐका, कारण सगळं रामायण तिथून सुरू झालं.

किमया रोपांनी भरलेलं जड क्रेट घेऊन फाटकातून आली. दम लागला होता. समोर सात-आठ मुलं उभी होती. सगळ्यांचे हात पाठीमागे. क्रेट घसरलं, एक डबा पडला, माती सांडली. एकानेही हात पुढे केला नाही! नुसती बघत उभी.

किमयाच्या गावात किनाऱ्यावर रापण ओढायचे. रापण म्हणजे मैलभर लांबीचं जाळं, ते सगळं गाव मिळून ओढतं. वाटेने जाणारा परका माणूससुद्धा न विचारता दोराला हात लावतो. "ओढू का?" असं तिथे कुणी विचारलं तर लोक हसतील. त्या गावची पोर ही. तिला वाटलं, या लोकांना आपण नको आहोत. तिने एकटीने माती भरली. मग निखत पठाण नावाची मुलगी जवळ येऊन म्हणाली, "आमच्या गटात येते का?" पण किमयाने एवढंच म्हटलं, "नको. मी एकटीच करीन."

एकटीनेच केलं मग. इतरांचे पाच गट, पाच कमरेएवढे ढीग. किमयाचा ढीग द्राक्षाच्या एका क्रेटमध्ये, शेडच्या मागच्या कोपऱ्यात. दुसऱ्यांचे ढीग तापले, पांढरी वाफ सोडायला लागले. हिचा थंड गोळा.

पौषातल्या त्या बुधवारी बातमी आली. शनिवारी पहाटे पारा शून्याला टेकणार. किमयाने रोपं पाहिली. दोन तर गेल्यातच जमा होती. तिला राग आला. "मला यांनी मुद्दाम शिळं शेण दिलंय," ती पुटपुटली.

शेडमध्ये कुणी नाही असं पाहून तिने एक बादली उचलली, निखतच्या ढिगाच्या पोटातून वाफाळतं खत उपसलं आणि आपल्या क्रेटमध्ये ओतलं. हो, चोरलं. आपण उगाच गोड नाव कशाला द्यायचं? ती शाळेत जाऊन दुपारी परत आली आणि धावत जाऊन क्रेटमध्ये हात घातला.

थंड! मघाशी चटका देणारं तेच खत, आता थंड!

म्हणजे दोष शेणात नव्हता. मग कशात? किमया तिथेच मातीत बसली आणि ढसाढसा रडली. रडायला निदान कुणाच्या परवानगीची गरज नव्हती.

"तू रडू राहिली का?" मागून कुणीतरी विचारलं.

तो बंब होता. पूर्वी घरोघरी आंघोळीचं पाणी तापवायला तांब्याचा बंब असायचा, पोट सुटलेला आणि वर नळी असलेला. मंडळातल्या मुलांनी जुन्या फवारणी यंत्रापासून बनवलेला हा रोबो अगदी तसाच दिसायचा, म्हणून त्याचं नाव बंब. मुलांनीच बोलायला शिकवल्यामुळे बोली अस्सल निफाडची. त्याला दोन डोळे होते. एक साधा, आणि दुसरा उष्णता बघणारा: गरम वस्तू त्याला तांबडी दिसायची आणि थंड वस्तू निळी.

"दिसत नाही का?" किमया फणकारली.

"दिसतंय. डोळ्यांखाली दोन तांबड्या रेघा आहेत. तरी विचारलं."

किमयाने नाक पुसलं. ती आजवर बंबाशी चार शब्दही बोलली नव्हती. पण आता माणूस काय आणि यंत्र काय, विचारायला कुणी तरी हवंच होतं. "बंब, माझा ढीग तापत का नाही?"

बंबाची नळी कुर्र करून वळली. "झकास प्रश्न! पण उत्तर नुसतं सांगितलं तर तू ते संध्याकाळपर्यंत विसरशील. मंदाताईंकडून दोन रताळी आण. भट्टीतली, गरम."

किमया दोन रताळी घेऊन आली. जवळजवळ सारखीच होती. बंबाने सांगितल्याप्रमाणे तिने एक तसंच पाटीवर ठेवलं आणि दुसऱ्याच्या बोटाएवढ्या फोडी करून पसरून ठेवल्या. मग दोघं वाट बघत बसली. बाहेरून मुलांचा हसण्याचा आवाज येत होता. किमयाने तिकडे पाहिलं नाही.

"आता हात लाव," थोड्या वेळाने बंब म्हणाला.

फोडी गार झाल्या होत्या. अख्खं रताळं अजून हातात धरवत नव्हतं.

"दोन्ही एकाच भट्टीतली. कुणी शिळं शेण दिलं का रताळ्याला?"

किमयाला भयंकर लाज वाटली. मेल्याने पुटपुटणं ऐकलं होतं आणि बादली भरतानाही पाहिलं होतं तर! पण बंब पुढे चालूच होता. "उष्णता बाहेर पडते कुठून?"

"वरून. म्हणजे... बाहेरच्या बाजूने. जिथे हवा लागते तिथून."

"कापल्यावर काय बदललं?"

किमया फोडींकडे बघत राहिली. रताळं तेवढंच होतं. वजन तेवढंच. पण मघाशी जे आत झाकलेलं होतं ते आता उघडं पडलं होतं. "हवा लागणारी जागा वाढली," ती सावकाश म्हणाली.

"त्या जागेला म्हणतात पृष्ठफळ (वस्तूची बाहेरून हात लावता येईल अशी सगळी जागा). आणि वस्तू आतून-बाहेरून मिळून जेवढी जागा व्यापते ते घनफळ. आता चहाच्या डब्यातले गुळाचे खडे आण. चौकोनी आहेत ते. एक खडा म्हणजे एक खोली समज. खोलीत सूक्ष्मजीव बसलेत, शेकोटी करून. खोलीला उष्णता निसटायला दारं किती?"

किमयाने खडा फिरवून पाहिला. वर, खाली, चार बाजू. "सहा."

"असे आठ खडे वेगवेगळे ठेवले तर?"

"आठ सक अठ्ठेचाळीस दारं."

"आता ते एकमेकांना चिकटवून एक मोठा ठोकळा कर."

खाली चार, वर चार. किमयाची बोटं चिकट झाली. तिने बाहेरून दिसणाऱ्या बाजू मोजल्या. प्रत्येक अंगाला चार, अशी सहा अंगं. ती थबकली. पुन्हा मोजलं. "चोवीसच! बाकीची चोवीस गेली कुठे?"

"शोध."

तिने ठोकळा हळूच उघडला. जिथे एक खडा दुसऱ्याला टेकला होता तिथली दारं बंद झाली होती. तिथून निघालेली ऊब बाहेर जात नव्हती, शेजारच्या खोलीत जात होती. शेकोट्या आठच्या आठ, पण दारं निम्मी!

"सत्तावीस खडे जोडले तर?" तिने स्वतःच विचारलं आणि स्वतःच बोटांवर हिशेब केला. वेगळे असताना एकशे बासष्ट दारं. जोडले की फक्त चोपन्न. म्हणजे एक तृतीयांश. ढीग जितका मोठा, तितकी दर शेकोटीमागे दारं कमी. "म्हणजे माझं शेण चांगलंच आहे! आतले जीव बिचारे ऊब तयार करतायत, पण क्रेट एवढंसं आहे. जेवढी होते तेवढी निसटून जाते!"

"म्हणून तान्ह्या बाळाला टोपडं घालतात आणि आजोबा उघड्या डोक्याने फिरतात," बंब म्हणाला. "बाळ लहान, अंगाच्या मानाने दारं जास्त. उंदीर बघ, दिवसभर खात असतो. निम्मं खाणं त्याला नुसतं गरम राहायलाच लागतं. हत्तीला उलटी पंचाईत, ऊब बाहेर टाकायला कान हलवत बसतो."

किमयाला कितीतरी दिवसांनी हसू आलं. पण ते टिकलं नाही. तिच्या लक्षात पुढचं आलं. "शून्याच्या थंडीला ढीग केवढा लागेल?"

"तुझ्या छातीएवढा. लांबी-रुंदीही तेवढीच."

"एवढं शेण मी कुठून आणू? आणि त्यांचे ढीग? ते कमरेएवढे आहेत. ते टिकतील?"

"नाही. शनिवारी पहाटे गार पडतील. मिरच्या, टोमॅटो, सगळं जाईल."

"अरे, मग त्यांना सांगितलंस का?"

"त्यांनी विचारलं नाही."

"अरे बंबा!" किमया ताडकन उभी राहिली. "विचारल्याशिवाय सांगायचं नाही, ही कुठली रीत?"

"मंडळाचीच," बंब शांतपणे म्हणाला. "फार पूर्वी इथे मोठी मुलं लहानांची कामं करून टाकायची. प्रदर्शनात वस्तू छान दिसायच्या, पण लहान मुलं शिकायची नाहीत. म्हणून नियम झाला: मागितल्याशिवाय दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही. कुणी नवीन आलं की सगळे हात पाठीमागे धरून उभे राहतात. म्हणजे आम्ही तुझं काम हिसकावणार नाही, असा मान देतात. तुला कुणी सांगितलं नाही?"

किमयाच्या डोळ्यांसमोर तो पहिला दिवस आला. सांडलेली माती आणि पाठीमागे धरलेले हात. तो मान होता? तिला धड रडताही येईना, रागावताही येईना. तिने अगदी बारीक आवाजात विचारलं, "बंब, माझ्या ढिगाची कुणी कधी चौकशी केली?"

"रोज. संध्याकाळी निखत विचारते, तापला का. हर्षू ढोमसे विचारतो. धाकटी रेणू तर दोनदा विचारते. मी म्हणतो नाही. मग ते थोडा वेळ तुझ्या कोपऱ्याकडे बघत उभे राहतात आणि घरी जातात."

"आणि हे तू मला आज सांगतोयस?"

"तू आज विचारलंस."

किमयाला वाटलं, एक लाथ घालावी या पत्र्याच्या पोटात. महिनाभर! महिनाभर ती त्या कोपऱ्यात पाठ करून बसली होती, आणि तिच्या पाठीमागे लोक उभे होते, बोलायला घाबरत. तिलाही कुणी धरून ठेवलं नव्हतं म्हणा. एका हाकेचं अंतर होतं, पण हाक मारायची कुणी?

तिने गुळाचे खडे ओंजळीत घेतले आणि शेडच्या पुढच्या बाजूला निघाली. बंब मागोमाग आला. समुद्रात उडी मारायला तिला कधी भीती वाटली नव्हती. आज वाटत होती.

मुलं आपापल्या ढिगांवर पोती घालत होती. ती आलेली पाहून सगळे थांबले. हात पाठीमागे गेले.

"निखत," किमया म्हणाली. "सकाळी मी तुझ्या ढिगातून बादलीभर खत न विचारता घेतलं. मला वाटलं माझं शेण वाईट आहे. माझं चुकलं."

निखतने भुवया उंचावल्या. "तरीच खड्डा दिसू राहिला! मला वाटलं कुत्र्याने उकरलं." आणि ती फिस्सकन हसली.

हसली म्हणून किमयाला पुढचं वाक्य जमलं. तरी ते वाक्य घशातून बाहेर काढताना तिला जेवढे कष्ट पडले तेवढे क्रेट उचलताना पडले नव्हते. "माझी रातांब्याची रोपं मरतायत. मला एकटीला ती वाचवता येणार नाहीत. मला मदत कराल का?"

मग रेणू ओरडली, "मागितली! तिने मागितली!" आणि पाठीमागचे सगळे हात एकदम पुढे आले.

"पण थांबा, नुसतं माझं नाही," किमया घाईने म्हणाली. "शनिवारी तुमचेही ढीग गार पडतील. बंबाने सांगितलंय. सगळे मोडून एकच मोठा करायला हवा."

इथे मात्र हर्षू ढोमसे आडवा आला. त्याचा ढीग सगळ्यांत गरम, वर मिरचीची रोपं पोपटासारखी हिरवी. "असं कसं? तापलेला ढीग मोडायचा? आणि नाही तापला परत, तर? तुझी सात रोपं आहेत, माझ्या घरची अख्खी उन्हाळी मिरची आहे त्याच्यावर!"

त्याचंही खरंच होतं. किमयाने वाद घातला नाही. तिने जमिनीवर बसून गुळाचे आठ खडे मांडले आणि त्यालाच दारं मोजायला लावली. अठ्ठेचाळीस. मग जोडले. चोवीस. हर्षूने तीनदा मोजलं.

"आणि ढीग उलथला की आतल्या जीवांना ताजी हवा मिळते," ती म्हणाली, कारण वाटेत तिने बंबाला तेही विचारून घेतलं होतं. "दोन दिवसांत आधीपेक्षा जास्त तापतो. पण आजच करायला हवं."

हर्षूने डोकं खाजवलं. "बरं, दारं कमी झाली. पण मंग वरची जागाही कमीच झाली ना! पाच ढिगांवरचे ट्रे एका ढिगावर ठेवायचे कुठं?"

आली का पंचाईत! प्रश्न बिनतोड होता. सगळ्यांनी बंबाकडे पाहिलं, पण बंबही नुसती नळी फिरवत राहिला. त्याच्या पोटात उत्तर नव्हतं.

ते किमयाकडे होतं. "आमच्याकडे बोंबील वाळवायला बांबू उभे करून आडवे दांडे बांधतात, एकावर एक, माणसाच्या डोक्याच्या वर जातील असे. जागा थोडीच लागते आणि मासळी मावते ढीगभर. आपण ढिगाभोवती तसं बांधू. दांड्यांवर ट्रे, आणि सगळ्यावरून एकच मोठा कागद. ढिगाची ऊब वर चढेल आणि कागदात अडकून राहील."

"बांधता येतं तुला?" हर्षूने विचारलं.

"गाठ मारायला मी चालायच्या आधी शिकले," किमया म्हणाली. थोडी थाप होती, पण चालायचंच.

मग जी धांदल उडाली! फावडी, पाट्या, पाणी. ढिगाच्या मधून हवा खेळावी म्हणून मक्याची ताटं उभी घातली. एवढ्याशा रेणूने वडाचा पाचोळा आणून आणून स्वतःचंच डोकं भरून घेतलं. किमयाचं क्रेटही त्यात उपडं झालं आणि तिचं शेण कोणतं, निखतचं कोणतं, हे ओळखू येईना. किमया दांडे बांधत होती आणि निखत खालून दोर देत होती.

गुरुवारी ढीग कोमट होता. हर्षू तर तोंड पाडून फिरत होता, आणि त्याच्याकडे बघायचं धाडस किमयाला होईना. शुक्रवारी शाळा सुटल्यावर तिने हात घातला आणि हाताला जरा चांगली ऊब लागली. पण पुरेल का?

शनिवारी उजाडता उजाडता ती पळत सुटली. रस्त्यावरचं गवत पांढरं झालं होतं. नळाच्या तोंडाशी बर्फाची काडी लटकत होती. फाटकाशी हर्षू आधीच उभा होता, आत जायची हिंमत होत नसल्यासारखा. दोघं मिळून आत गेली.

कागदाच्या आतल्या बाजूने पाण्याचे थेंब ओघळत होते. किमयाने कड उचलली आणि तोंडावर गरम, ओलसर वाफ आली. तिच्या गावच्या हवेसारखी. मिरच्या ताठ उभ्या होत्या. टोमॅटो ताठ. रातांब्याची दोन रोपं गेली होती, ती काही परत आली नाहीत. पण उरलेल्या पाचांपैकी एकाच्या शेंड्याला, अगदी टोकाशी, लाल चिमुकलं पान फुटत होतं.

"आई शप्पथ!" हर्षू एवढंच म्हणाला आणि आपल्या मिरच्यांवरून हळूच हात फिरवत राहिला.

आई इथे हवी होती असं किमयाला फार, फार वाटलं. रविवार उद्यावर होता. पण उद्या म्हणजे आज नव्हे.

दुपारी सगळे जमले. मंदाताईंनी भट्टी पेटवली आणि त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच न विचारता बोलल्या. "पोरांनो, नियम मीच केला होता. हात लावायचा नाही असा होता तो. तोंड उघडायचं नाही असा कुठे होता? 'मदत हवी का' एवढं विचारायला काय झालं होतं तुम्हाला? आणि मलाही." मग त्यांनी भट्टीत लाकूड सारलं. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. बंबाने आपल्या पोटातल्या नियमांत तेवढी दुरुस्ती करून घेतली आणि त्यानंतर तो इतके प्रश्न विचारायला लागला की त्याला गप्प करणं हे मंडळाचं नवं काम होऊन बसलं. पुढच्या हिवाळ्यात शाळेच्या वर्गाखाली असाच ढीग रचून वर्ग उबदार ठेवता येईल का, यावरही खल सुरू झाला.

मुलं पांगली. किमया ढिगापाशी एकटीच थांबली होती, एका दांड्याची सैल गाठ पुन्हा बांधत. निखत आली आणि उभी राहिली. बराच वेळ पायाने माती उकरत राहिली.

"तुम्ही समुद्राकाठचे ना," ती म्हणाली. "तुला पोहता येत असेल."

"येतं की."

"मला नाही येत." निखतने इकडेतिकडे पाहिलं. तिचा आवाज अगदी खाली आला. "आमच्या मळ्यात शेततळं आहे. माझा धाकटा भाऊ सारखा त्याच्या कडेला जातो. मी लांबूनच हाका मारते. पुढं जायला पाय उचलत नाही माझा. तू आल्यापासून विचारायचं होतं, पण तू कुणाशी बोलायची नाहीस. घरी कुणाला माहीत नाही हे. शिकवशील?"

किमया तिच्याकडे बघत राहिली. ही निखत, जिच्या ढिगाचा चटका बसायचा, जिच्याभोवती कायम चार मुली असायच्या, ती गेला महिनाभर हे एवढं मोठं एकटीनेच घेऊन फिरत होती.

तिने गाठ अर्धवट सोडली, हात परकराला पुसले आणि निखतशेजारी मातीत बसली. "ऊन तापायला लागलं की उतरू आपण पाण्यात," ती म्हणाली. "पण आज तळ्यावर नुसतं जाऊ. काठावर बसू. भावालाही घे." आणि मग निखतचा हात हातात धरून तिने विचारलं, "मला आधी सांग, तुला नेमकी कशाची भीती वाटते?"